'त्याचा पाय घसरला.' कुठे? – शब्दशः आणि लाक्षणिक अर्थ मुलांना कसा शिकवायचा?

निळीशाई

नमस्कार. मी सहावीला मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात मुलांना एक सरावपत्रिका दिली. वीस वाक्यं आणि पुढे दोन रकाने, 'शब्दशः' आणि 'लाक्षणिक'. योग्य रकान्यात खूण करायची. सातवं वाक्य होतं, 'त्याचा पाय घसरला.' माझ्या मनात उत्तर ठरलेलं होतं: लाक्षणिक. एका मुलीने दोन्ही रकाने कोरे ठेवले आणि कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, 'कुठे घसरला ते सांगा, मग लिहिते.' खूण नव्हती म्हणून मी शून्य दिलं.

रात्री गुणांची बेरीज करताना ते वाक्य पुन्हा वाचलं आणि हात थांबला. ओल्या पायरीवर घसरला तर शब्दशः, मोहाला बळी पडून घसरला तर लाक्षणिक. त्या तीन शब्दांत यातलं काहीच सांगितलेलं नाही. अख्ख्या वर्गात प्रश्न नीट वाचला होता तो तिने एकटीने. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तसं सांगितलं आणि तिचे गुण तिला दिले. पण मग ती पत्रिकाच मला खटकायला लागली.

याच आठवड्यातलं आणखी एक उत्तर. 'कंबर कसणे' – अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. एका मुलाने लिहिलं: 'अर्थ – जोमाने तयारीला लागणे. वाक्य – दादाने पट्ट्याने कंबर कसली.' अर्थ पाठ आहे, अचूक आहे. वाक्यही मराठी म्हणून बरोबर आहे. फक्त दोघांची एकमेकांशी ओळख नाही. ही ओळख कशी करून द्यायची, हा माझा प्रश्न आहे. तुम्ही काय करता?

पायवाट

चित्रं! आमच्याकडे हमखास चालतं. कागदाची मधोमध घडी घालायची, एका बाजूला शब्दशः चित्र, दुसऱ्या बाजूला खऱ्या अर्थाचं. 'घरावरून हत्ती गेला' दिलं तर मुलं कौलांवर हत्ती उभा करतात आणि दुसरीकडे घरासमोरचा रस्ता काढतात. वर्ग जागा होतो.

निळीशाई

पायवाट, चित्रं मीही काढून घेतली आहेत. मुलं रमतात, हे खरं. पण महिन्याभराने विचारलं तर कौलांवरचा हत्ती सगळ्यांच्या लक्षात असतो, रस्ता निम्म्यांच्या. आणि नकळत मुलं असंही शिकतात की शब्दशः अर्थ म्हणजे वेडगळ अर्थ, हसून सोडून द्यायचा. तिथे मला भीती वाटते. 'कंबर कसणे' मधली खरी कंबर सोडून दिली तर तयारीला लागण्याशी जोडणार काय?

अनवट

निळीशाईताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. आपल्याकडच्या शास्त्राने ही जागा फार पूर्वी पाहिली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शाळेच्या व्याकरणात शब्दशक्तीचा धडा असतो: अभिधा, लक्षणा, व्यंजना. त्यांतून येणारे अर्थ म्हणजे वाच्यार्थ (सरळ अर्थ), लक्ष्यार्थ (सरळ अर्थ अडला की घ्यायचा दुसरा), व्यंग्यार्थ (सुचवलेला). मुलं नावं पाठ करतात आणि पुढे जातात. पण ११व्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाश' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात लक्षणा केव्हा होते हे सांगताना तीन अटी घातल्या आहेत, आणि त्या मला वर्गात व्याख्येपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडल्या. पहिली, मुख्यार्थबाध: सरळ अर्थ कुठेतरी अडतो. दुसरी, योग: नव्या अर्थाचा त्या सरळ अर्थाशी काही संबंध असतो. तिसरी, रूढी किंवा प्रयोजन: लोक तसं म्हणत आले आहेत म्हणून, किंवा तसं म्हणण्यात काही खास साधायचं आहे म्हणून.

त्याचं जुनं उदाहरण 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे. प्रवाहावर वस्ती होऊ शकत नाही, म्हणून अर्थ अडला. काठ प्रवाहाला लागून आहे, हा संबंध. मग सरळ 'गंगेच्या काठावर' का नाही म्हटलं? कारण 'गंगेवर' म्हटलं की नदीचा गारवा आणि पावित्र्य वस्तीलाही चिकटतं. 'काठावर' म्हटल्यावर ते तेवढं येत नाही.

मी मुलांना या तीन अटी तीन प्रश्न म्हणून देतो. कुठे अडलं? कशाशी जोडलं? असं का म्हटलं? पारिभाषिक शब्द एकही नाही. 'घरावरून हत्ती गेला' घ्या. कुठे अडलं, तर कौलांवर. कशाशी जोडलं, तर घराला लागून असलेल्या रस्त्याशी. असं का म्हटलं, तर बोलायची तशी रीतच आहे. आता तुमच्या त्या मुलीकडे पाहा. तिने पहिलाच प्रश्न विचारला, आणि तिला उत्तर मिळालं की अजून काहीच अडलेलं नाही. म्हणून ती थांबली. तिचं थांबणं बरोबरच होतं.

पायवाट

तीन प्रश्न वहीत उतरवून घेतले. निळीशाईंचा मुद्दाही पटला. चित्र काढायचंच असेल तर तिसरं काढायला लावायला हवं, दोन चित्रांच्या मधलं, जोडणारं. 'कंबर कसणे' मध्ये डावीकडे पट्टा आवळणारा माणूस, उजवीकडे कामाला भिडलेला माणूस, आणि मधे? मधे तोच माणूस, वाकून जड काहीतरी उचलण्याआधी कपडे सावरून घट्ट करतोय. पूल तिथे आहे.

सावलीचं झाड

मी शिक्षिका नाही, आई आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. 'एका मिनिटात आले' म्हटलं की तो साठपर्यंत मोजतो आणि एकसष्टला माझ्यासमोर येऊन उभा राहतो. शाळेतून एकदा रडत घरी आला, कारण कुणीतरी त्याला म्हणालं, 'तुझे कान उपटीन.' तो दोन्ही कान हातांनी झाकून बसला होता. त्याला वाक्प्रचार पाठ करायला लावले तर तो शंभर करील. पण समोरचा माणूस आत्ता कुठल्या अर्थाने बोलतोय, हे त्याला कळायचं कसं? त्याला खोटं वाटतं की आपण एक म्हणतो आणि दुसरंच सांगतो.

संथलय

सावलीचं झाड, विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर मी बरीच वर्षं काम करते. आधी एक सांगते: सगळ्याच स्वमग्न मुलांना लाक्षणिक भाषा जड जाते असं नाही. शब्दसंग्रह किती, वाक्यरचना किती समजते, एकूण भाषेवर पकड किती, यावर बरंच अवलंबून असतं. भाषा जसजशी वाढते तसं हेही पुष्कळदा सुधारतं. त्यामुळे 'याला हे जमणारच नाही' असं मनात धरू नका.

आता करायचं काय. 'खोटं' हा त्याचा शब्द मनापासून ऐका. त्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. त्याला सांगा की बोलणाऱ्याला फसवायचं नसतं, आणि दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं की शब्द सरळ घ्यायचे नाहीत. खोटं बोलणाऱ्याला वाटत असतं की ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा. 'कान उपटीन' म्हणणाऱ्याला तुमच्या मुलाने कानांवर हात ठेवावेत असं वाटत नव्हतं, तो 'मी रागावलोय' एवढंच सांगत होता. हा फरक मी मुलांना दोन बाहुल्या घेऊन करून दाखवते: एक फसवते, एक नुसती 'तसं म्हणते'. कित्येक मुलांना इथे हायसं वाटतं.

दुसरं, त्याच्यासाठी एक सुटसुटीत वाक्य ठरवून घ्या. माझ्याकडची मुलं विचारतात, 'हे खरंखुरं की म्हणायचं?' घरात आणि शाळेत सगळ्यांना हे वाक्य माहीत असू द्या, आणि त्याने विचारलं की कुणी हसायचं नाही. सरळ उत्तर द्यायचं: 'म्हणायचं. मी रागावले आहे.'

आणि 'एका मिनिटात' बद्दल, तुम्हाला जमेल तेव्हा खरा वेळ सांगत जा. 'पोळ्या झाल्या की येते' हे त्याला जास्त सोपं आहे. लाक्षणिक भाषा शिकायला त्याला वेळ लागेल, तोवर आपण त्याच्या बाजूने दोन पावलं चालायला काय हरकत आहे?

सावलीचं झाड

खरंखुरं की म्हणायचं. आजपासून सुरू करते. मनापासून आभार.

दुसरी भाषा

ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत अशांना मी मराठी शिकवतो, मुलांना आणि मोठ्यांनाही. माझा अनुभव असा की अडचण वाक्प्रचारांच्या यादीत नसते. यादीतले वाक्प्रचार ठळक असतात, कुणीही ओळखतो की इथे काहीतरी वेगळं आहे. अडचण 'थंडी वाजते' मध्ये असते. एका विद्यार्थ्याने विचारलं, 'थंडीचा आवाज कसा असतो?' मी तीस वर्षं 'थंडी वाजते' म्हणत होतो आणि त्यात 'वाजणे' आहे हे मला त्या दिवशी ऐकू आलं. 'ऊन पडलं', 'भूक लागली', 'झोप उडाली', 'मन खातं'. मातृभाषेत आपण यावरून धडधडत जातो.

म्हणून मी वर्गात वाक्प्रचारांपासून सुरुवात करत नाही. शरीराचे शब्द घेतो. बाटलीचं तोंड, टेबलाचा पाय, नदीचं मुख, डोंगराचा पायथा. टेबल चालत नाही, तरी पाय का? कारण खाली असतो आणि भार पेलतो. बाटली बोलत नाही, तरी तोंड का? कारण आत-बाहेर तिथून होतं. अनवट यांचा 'कशाशी जोडलं' हा प्रश्न इथे सगळ्यात सोपा होतो, आणि ज्याला इथे सापडला त्याला पुढे 'शेपूट घालणे' मध्येही सापडतो.

तर्कशुद्ध

थोडा वेगळा सूर लावतो. ही विभागणीच मुळात कितपत खरी आहे? 'वेळ वाचवला', 'वेळ वाया घालवला', 'वेळ दिला': आपण वेळेबद्दल पैशासारखंच बोलतो. तापमान 'चढतं', आवाज 'उतरतो', वादात मुद्दे 'खोडून काढतो', बाजू 'लढवतो'. १९८० साली भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी हेच मांडलं की रूपक हा भाषेचा दागिना नाही, आपण विचारच रूपकांतून करतो. मग मुलांना दोन रकाने देणं म्हणजे त्यांना चुकीचं शिकवणं नाही का? शब्दशः म्हणावं असं फार थोडं उरतं.

अनवट

तर्कशुद्ध, मुद्दा वजनदार आहे आणि दोन रकाने पुरत नाहीत हे मलाही मान्य. पण 'सगळंच रूपक' म्हटलं की वर्गात शिकवायला काही उरत नाही. हा वादही जुनाच आहे. मम्मटाने रूढ लक्षणेचं उदाहरण दिलं 'कुशल' या शब्दाचं. मुळात कुश नावाचं गवत खुडून आणणारा तो कुशल. त्या गवताची पाती धारदार, हात न कापता खुडायला कसब लागतं, त्यावरून कसबी माणूस. म्हणजे हा लाक्षणिक अर्थ. पुढे १४व्या शतकात विश्वनाथ या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने हे अमान्य केलं. त्याचं म्हणणं, शब्द कसा घडला हे एक आणि आज तो कशासाठी वापरतात हे दुसरं. 'कुशल' म्हटल्यावर कुणाच्याही मनात गवत येत नाही, सरळ 'निपुण' येतं. मग तोच त्याचा मुख्यार्थ.

मी विश्वनाथाच्या बाजूचा आहे. 'टेबलाचा पाय' ऐकताना कुणाचं काही अडत नाही, म्हणून आज तो शब्दशःच. उद्या एखाद्याने लिहिलं, 'टेबल रात्रभर एका पायावर उभं होतं', तर तो पाय पुन्हा जिवंत होतो. रूपकं मुरतात, आणि मुरलेली रूपकं उकलताही येतात. मुलांना हे कळू शकतं, दुसरी भाषा यांनी दाखवलंच आहे.

तर्कशुद्ध

'मुरलेली' हा शब्द आवडला. रकान्यांऐवजी रेघ काढावी असं सुचवतो. एका टोकाला 'अजिबात अडलं नाही', दुसऱ्या टोकाला 'पार अडलं', आणि मुलांनी वाक्य रेघेवर कुठेतरी ठेवायचं व का ते सांगायचं. 'अंगावर काटा आला' कुठे ठेवतील? काटे येत नाहीत, पण त्वचेवर खरोखर बारीक उठाव येतात. 'तोंडाला पाणी सुटलं' तर बऱ्याचदा शब्दशः खरंच असतं.

अमलताश

'अक्षरशः' या शब्दाचं काय करायचं? माझी मुलगी म्हणते, 'मी अक्षरशः मेले.' मी तिला रागावले, की अक्षरशः म्हणजे अक्षराला अक्षर.

दुसरी भाषा

अमलताश, रागावू नका. 'अक्षरशः' हल्ली दोन कामं करतो. 'तिचा निरोप त्याने अक्षरशः लिहून घेतला' यात जुना अर्थ आहे. 'अक्षरशः मेले' यात तो नुसता जोर देतो, 'फारच' सारखा. ही दोन वाक्यं मुलीसमोर ठेवा आणि दुसऱ्यात काय अडतं ते तिलाच विचारा. मात्र बातमी किंवा अहवाल लिहिताना पहिल्याच अर्थाने वापर, हेही सांगा. 'जमावाने त्याला अक्षरशः तुडवलं' असं छापून आलं तर वाचणाऱ्याला खरं काय घडलं ते कळलंच पाहिजे.

निळीशाई

किती काय मिळालं. अजून एका गोष्टीत मी अडकले आहे, उपमा. पुस्तकात 'सारखा, जसा, प्रमाणे' आलं की उपमा असं दिलेलं असतं. मुलं ते शब्द हुडकून खाली रेघ मारतात आणि मोकळी होतात.

अनवट

त्यांना ही जोडी द्या. 'तो त्याच्या भावासारखा उंच आहे' आणि 'तो ताडासारखा उंच आहे'. 'सारखा' दोन्हीकडे. पहिल्यात मोजपट्टी लावून खरंखोटं करता येतं, ती साधी तुलना. माणूस आणि माणूस, एकाच जातीच्या दोन गोष्टी. दुसऱ्यात माणूस आणि झाड, जात वेगळी, तरी एक गुण सारखा. उपमा तिथे. उपमेय (ज्याची तुलना करायची), उपमान (ज्याच्याशी करायची), साधर्म्य (सारखा गुण) ही नावं त्यानंतर सांगा. मुलांना वस्तू आधी दिसू द्या, मग तिचं नाव.

संथलय

संदर्भाबद्दल एक जोड. १९८९ साली इटलीत क्रिस्टिना काच्चारी आणि मारिया कियारा लेव्होरातो या संशोधकांनी मुलांना वाक्प्रचार नुसते आणि गोष्टीत घालून, असे दोन्ही प्रकारे दिले होते. गोष्टीत मुलांना ते जास्त चांगले कळले. म्हणजे लहान मुलं शब्दशः अर्थालाच चिकटून बसतात असं नाही, त्यांना आजूबाजूची गोष्ट द्यावी लागते. आणि आपण सरावपत्रिकेत नेमकी तीच काढून घेतो.

पायवाट

गोष्ट, आणि शरीरही! 'अर्धचंद्र देणे' मी पुष्कळ वर्षं फळ्यावर लिहून देत असे: हाकलून देणे. मग एकदा मुलांना म्हटलं, अंगठा आणि तर्जनी ताणा. काय आकार झाला? चंद्रकोर. आता तो हात शेजाऱ्याच्या मानेमागे नुसता धरा, ढकलायचं नाही. दोन सेकंद वर्ग शांत, आणि मग एकदम 'हां!' अर्थ मला सांगावा लागला नाही.

निळीशाई

परवा आणि काल दोन तास घेतले, कळवते.

सरावपत्रिका बाजूला ठेवली. फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'त्याचा पाय घसरला', आणि म्हटलं, याच्या आधी दोन आणि नंतर एक वाक्य तुम्ही लिहा. अर्थ कुठला हवा ते तुमचं तुम्ही ठरवा. मग वह्या बदलायच्या आणि शेजाऱ्याने ओळखायचं, कुठल्या शब्दामुळे ओळखलं त्याखाली रेघ मारायची. रेघा 'शेवाळ', 'पायरी', 'पाऊस' यांखाली आल्या आणि 'तिजोरी', 'किल्ली त्याच्याकडेच होती' यांखालीही. ज्या मुलीमुळे हा धागा सुरू झाला, तिने मुद्दाम असं लिहिलं की दोन्ही अर्थ लागावेत: एक नोकर रात्री तिजोरीची किल्ली घेऊन ओल्या जिन्यावरून उतरतोय. तिच्या शेजारणीला रेघ कुठे मारावी ते ठरवता येईना. सगळा वर्ग त्या वहीभोवती गोळा झाला.

पट्ट्याच्या वाक्यावाल्या मुलाला तीन प्रश्न विचारले. 'कुठे अडलं?' म्हणाला, 'अडलंच नाही, दादाने खरंच कसली.' मग मी विचारलं, दादा कंबर कसून कुठे निघाला होता? विचार करून म्हणाला, 'कुस्तीला.' आणि कुस्ती नसून गणिताची परीक्षा असती तर? तो थोडा वेळ पट्ट्याकडे, म्हणजे स्वतःच्याच कमरेकडे बघत राहिला. मग वहीत लिहिलं, 'परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा दादाने कंबर कसली आणि पट्टा खुंटीवरच राहिला.' मी ते वाक्य खोडलं नाही.

आता अनवट, तुम्हाला विचारते. लक्षणा झाली. व्यंजनेला तुमचा पहिला प्रश्न लागू पडत नाही ना? तिथे तर काही अडतच नाही.

अनवट

बरोबर ओळखलंत. व्यंजनेत सरळ अर्थ जागेवर राहतो आणि त्याच्या पलीकडे आणखी काही ऐकू येतं. ९व्या शतकात आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटलं ते हेच. 'सूर्य मावळला' हे जुनं उदाहरण. चोराला एक ऐकू येतं, गुराख्याला दुसरं. तिथे प्रश्न बदलायचा: कोण म्हणालं, कुणाला, आणि ऐकणाऱ्याने मग काय केलं?

तुमच्या वर्गासाठी 'घंटा झाली' घ्या. परीक्षेत शेवटचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला म्हटलं तर पेन खाली ठेव. मैदानावर खेळणाऱ्याला म्हटलं तर वर्गात चल. दाराशी धापा टाकत पोचलेल्याला म्हटलं तर उशीर झाला. घंटा तिन्हीकडे खरोखरच झालेली आहे.

निळीशाई

सोमवारी हेच घेते. सुरुवातीला मी काहीच बोलणार नाही. नुसती खिडकीकडे बघून म्हणेन, 'किती उकडतंय', आणि कोण उठतं ते पाहीन.